न पाहिलेलें विद्यापीठ

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वर्गांत एक लहानसा प्रसंग घडला. आम्ही नव्या मुंबईंतील एका महाविद्यालयांत इतिहास शिकवितों. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे परीक्षेचे अर्ज तपासून घेण्याचें काम चाललें होतें. उरण तालुक्यांतील एका खेड्याहून रोज एस.टी.नें येणारी एक विद्यार्थिनी अर्जावरील मुद्रेकडे पाहत म्हणाली, "सर, हें विद्यापीठ आहे तरी कोठें?" वर्गांत हशा पिकला. परंतु हंसणारांनाच आम्हीं उलट तो प्रश्न घातला, तेव्हां असें आढळलें कीं, पन्नास-पंचावन्न मुलांपैकीं कालिना येथील आवार चौघांनीं पाहिलें होतें, आणि फोर्टांतील राजाबाई मनोऱ्याखालीं तर एकच जण उभा राहिला होता. तोहि ओव्हल मैदानावर क्रिकेटचा सामना पाहावयास गेला असतां. तीन वर्षें ज्या संस्थेचे विद्यार्थी म्हणून हीं मुलें वावरलीं, तिचें तोंडहि त्यांनीं पाहिलें नव्हतें.

त्या मुलीचा प्रश्न भाबडा वाटला तरी इतिहासाच्या दृष्टीनें तो अगदीं बिनतोड आहे. मुंबई विद्यापीठ आहे कोठें, याचें उत्तर स्थापनेच्या दिवशीं त्याच्या संस्थापकांनाहि देतां आलें नसतें. चार्ल्स वुडच्या १८५४ च्या खलित्यास अनुसरून १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास अशीं तीन विद्यापीठें निघालीं. मुंबईचा कायदा त्या वर्षीच्या १८ जुलैचा. उत्तर हिंदुस्थानांत त्या वेळीं तोफा धडधडत होत्या, आणि इकडे सरकार पदव्यांचे नियम ठरवीत होतें! या तिन्ही विद्यापीठांचा नमुना लंडनच्या विद्यापीठाचा. ऑक्सफर्ड-केंब्रिजप्रमाणें विद्यार्थ्यानें गुरुजनांच्या शेजारीं राहावें, एका पंक्तीस जेवावें, ही कल्पना त्यांत नव्हती. विद्यापीठानें अभ्यासक्रम आंखावा, परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी. शिकविण्याचें काम ज्याचें त्या महाविद्यालयानें पाहावें. त्यामुळें या विद्यापीठाला वर्ग नव्हते, अध्यापक नव्हते, वसतिगृह नव्हतें. पहिलीं कित्येक वर्षें स्वतःची म्हणावी अशी भिंतहि नव्हती. समारंभासाठीं टाऊन हॉलचा आसरा घ्यावा लागे. आमच्या वेदान्तांत निर्गुण निराकार ब्रह्म सांगितलें आहे, तसें हें निराकार विद्यापीठ होतें. अंतर इतकेंच कीं, ब्रह्म परीक्षेची फी मागत नाहीं.

आणि या निराकाराचा पसारा मात्र केवढा! उत्तरेस सिंध, दक्षिणेस धारवाड, मध्यें काठेवाड, गुजराथ, खानदेश, देश आणि कोंकण. एवढ्या मुलुखांतील मुलगा ज्या कागदासाठीं रात्रीचे दिवस करी, तो कागद मुंबईचा. प्रवेशपरीक्षा, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची मॅट्रिक, पहिल्यानें १८५९ सालीं झाली. शंभरावर उमेदवार बसले, आणि उत्तीर्ण झाले ते पंचवीसाच्याहि आंत. हे आंकडे आपण आज सहज वाचून जातों. पण परीक्षेस येणें हाच त्या काळीं केवढा उपद्व्याप होता तो पाहा. आगगाडीपूर्वीं पुण्याचा प्रवासी घाट उतरून आमच्या पनवेलच्या बंदरास येई आणि तेथून होडीनें मुंबई गांठी. १८५९ सालीं मुंबईहून खोपोलीपर्यंत व पुण्याहून खंडाळ्यापर्यंत असे रुळाचे दोन तुकडे तयार होते. मधला बोरघाट पायीं, डोलींतून किंवा तट्टावर उतरावा लागे. सलग गाडी सुरू झाली ती १८६३ त. कोंकणांतील मुलानें गलबतांत बसावें आणि वाऱ्याची मर्जी सांभाळावी. पुढें परीक्षेचीं केंद्रें वाढलीं, तरी गरिबाचा हिशेब सुटला नाहीं. मोहनदास गांधी नांवाचा राजकोटचा एक मुलगा १८८७ सालीं मॅट्रिकला बसला, तेव्हां मुंबई कीं अहमदाबाद असा त्यास पर्याय होता. काठेवाडांतील इतर गरीब विद्यार्थ्यांप्रमाणें त्यानेंहि जवळचें आणि स्वस्त म्हणून अहमदाबाद पत्करलें. एकट्यानें केलेला त्याचा तो पहिला प्रवास. पुढें भावनगरच्या सामळदास महाविद्यालयांत एक सत्र काढून, इंग्रजींतील व्याख्यानें समजेनात म्हणून, तो घरीं परतला. ज्या विद्यापीठाला महात्मा गांधी आपला माजी विद्यार्थी म्हणवितां आला असता, त्यानें त्यास तीन-चार महिन्यांतच हरविलें.

असो. बी.ए.ची पहिली परीक्षा १८६२ सालीं झाली आणि चौघेजण पदवीधर झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. हीं नांवें आतां आपण तसबिरींतल्या पागोट्यांसह आठवितों, म्हणून हीं विशी-पंचविशीचीं पोरें होतीं हें ध्यानांत येत नाहीं. रानडे कोल्हापुराहून, भांडारकर रत्नागिरीच्या शाळेंतून एल्फिन्स्टनमध्यें आलेले. दोघांनाहि दक्षिणा फेलोची वृत्ति मिळाली होती. या वृत्तीचा इतिहास मोठा मौजेचा आहे. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वांटली जाई. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज सरकारनें ती एकदम बंद केली नाहीं. हळूहळू आटवीत तिचा ओघ विद्यालयांकडे वळविला. जो पैसा पूर्वीं वेदशास्त्रसंपन्नांच्या ओंजळींत पडे, त्याच पैशावर आतां रानडे मिल आणि गिबन वाचूं लागले. रमण्यांतील दक्षिणेची ही अखेर नाना फडणिसांना स्वप्नांतहि दिसली नसती.

रानड्यांच्या वाचनाची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. त्या वाचनापायीं डोळे अधू झाले, हेंहि पुष्कळांनीं ऐकलें असेल. पण आम्हांस त्यांच्या विद्यार्थिदशेंतील दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. त्यांनीं एका निबंधांत मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशीं तुलना करून मराठ्यांकडे झुकतें माप दिलें. एल्फिन्स्टनचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे ॲरिस्टॉटलचे नामांकित भाष्यकार, मोठे विद्वान आणि रानड्यांवर लोभ करणारे. त्यांनीं रानड्यांस बोलावून, जें सरकार तुला शिकवितें त्याचीच निंदा करूं नकोस अशी समज दिली आणि त्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद ठेविली. सहा महिन्यांची वृत्ति म्हणजे परगांवच्या मुलाचें सहा महिन्यांचें जेवण. विशेष हें कीं, रानड्यांनीं ग्रँटविषयींचा आदर जन्मभर सोडला नाहीं, आणि मराठ्यांविषयींचें मतहि सोडलें नाहीं. पुढें १९०० सालीं मराठी सत्तेच्या उदयावर त्यांनीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचें बीज त्या दंड झालेल्या निबंधांत आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं. पाश्चात्य विद्येनें आमच्या तरुणांस आंधळे भक्त बनविलें असा आक्षेप आपल्याकडे अनेकदां घेतला जातो. आम्हांस तो अर्धाच खरा वाटतो.

याला दुसरा पुरावा कीर्तने बंधूंचा. विनायक जनार्दन कीर्तने हे रानड्यांचे कोल्हापुरापासूनचे सोबती. त्यांनीं विद्यार्थी असतांनाच 'थोरले माधवराव पेशवे' हें नाटक लिहिलें. तें १८६१ सालीं छापून निघालें. त्यांचे बंधु नीळकंठ जनार्दन हे तर डेक्कन कॉलेजांत शिकत असतां १८६७ सालीं ग्रँट डफ यांच्या मराठ्यांच्या इतिहासावर तुटून पडले. ज्या ग्रंथाला त्या वेळीं सरकारदरबारीं वेदाचें प्रामाण्य होतें, त्याचे दोष एका विद्यार्थ्यानें पुण्यांतील तरुणांच्या सभेंत, मूळ कागद समोर ठेवून, मराठींत वाचून दाखविले. मराठ्यांच्या इतिहासाच्या चिकित्सक अभ्यासाचा आरंभ शोधावयाचा तर या निबंधापाशीं थांबावें लागतें. आमचे विद्यार्थी हल्लीं मार्गदर्शिका पाठ करून उत्तरें लिहितात, तेव्हां आम्ही त्यांस नीळकंठरावांची गोष्ट सांगतों. ते ऐकून घेतात, आणि हा प्रश्न परीक्षेस येईल काय म्हणून विचारतात. त्यांचेंहि काय चुकलें? परीक्षेपुरतेंच ज्याचें अस्तित्व त्या विद्यापीठाचे ते विद्यार्थी.

एल्फिन्स्टनच्या मुलांना सभेचें वळण विद्यापीठाच्या आधींपासूनच होतें. १८४८ सालीं तेथील विद्यार्थी व अध्यापक यांनीं एक साहित्य-शास्त्रसभा काढली. तिच्या शाखा मराठींत व गुजराथींत ज्ञानप्रसाराचें काम करीत. पुढच्याच वर्षीं या तरुणांनीं मुलींच्या शाळा उघडल्या, आणि स्वतःचें अध्ययन सांभाळून तेथें विनावेतन शिकविलें. दादाभाई नौरोजी हे त्यांतलेच एक. घरोघर जाऊन, आईबापांच्या शिव्या खाऊन, मुली शाळेंत आणणें हें काम कोणत्याहि परीक्षेंत नव्हतें.

मराठी भाषेची गोष्ट मात्र दुःखाची आहे. विद्यापीठ निघालें तेव्हां देशी भाषांस पदवीच्या अभ्यासक्रमांत जागा होती. परंतु साठीच्या दशकांतच ती गेली. ग्रंथ नाहींत, प्रौढ वाङ्मय नाहीं, संस्कृतासारखी अभिजात भाषा असतांना बोलभाषा हवी कशाला, अशीं कारणें सांगण्यांत आलीं. ग्रंथ नाहींत म्हणून भाषा काढावयाची, आणि भाषा काढली म्हणून ग्रंथ व्हावयाचे नाहींत. हा न्याय ज्यांनीं लाविला ते तर्कशास्त्रहि शिकवीत असत! एक पिढीच्या पिढी ज्ञानेश्वरी-तुकाराम घरीं ऐकून आणि विद्यापीठांत विसरून पदवीधर झाली. रानड्यांनीं यासाठीं वर्षानुवर्षें विद्यापीठाच्या सभांतून खटपट केली. मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेऊन आक्षेपकांस ग्रंथांची संपत्ति दाखवून दिली. १६ जानेवारी १९०१ रोजीं ते वारले, आणि त्याच सुमारास एम.ए.च्या परीक्षेंत मराठीला दार उघडलें. खालच्या पायऱ्या नाहींत आणि माडीवर मात्र खोली, असा तो चमत्कारिक प्रवेश होता. पायऱ्या बांधावयास आणखी पुष्कळ वर्षें लागलीं. पहिल्या चार पदवीधरांपैकीं एकाचें अखेरचें काम आपल्या विद्यापीठाला आपली भाषा शिकविण्याचें असावें, याहून त्या काळाविषयीं अधिक काय सांगावें?

विद्यार्थ्यांच्या राहणीकडे वळलों तर मुंबईपेक्षां पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या आठवणी अधिक रसाळ आहेत. तेंहि त्या वेळीं मुंबई विद्यापीठाचेंच. येरवड्यास नदीकांठीं काळ्या दगडाची इमारत, शेजारीं वसतिगृह, पोहणें, नाव वल्हविणें. टिळकांनीं तेथील पहिलें वर्ष पुस्तकांना न देतां शरीराला दिलें, ही गोष्ट प्रत्येक पिढीतील आळशी विद्यार्थ्यानें आपल्या समर्थनार्थ सांगितली आहे; पण टिळकांनीं पुढें गणितांत पहिल्या वर्गाची पदवी घेतली, हा उत्तरार्ध तो सांगत नाहीं. टेंभूचे आगरकर अत्यंत गरीब. एकच सदरा, तो रात्रीं धुवावयाचा आणि सकाळीं घालावयाचा. एम.ए.च्या सुमारास त्यांनीं आईला कळविलें कीं, मुलगा आतां मोठ्या पगाराचा अधिकारी होईल अशी आशा धरूं नकोस. हें पत्र आपल्याकडे त्यागाचा नमुना म्हणून वाचलें जातें. आम्हांस तें वाचतांना नेहमीं त्या माउलीचें काय झालें असेल असें वाटतें. गरीब घरच्या मुलाची पदवी ही एकट्याची नसते. तिच्यावर घरानें वर्षानुवर्षें पोट मारून भरलेलें कर्ज असतें. टिळक-आगरकरांनीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह न्यू इंग्लिश स्कूलचें काम हातीं घेतलें, तें अशा कर्जांकडे पाठ फिरवून. त्यांचा मोठेपणा आम्हीं मानतोंच. पण त्या कर्जाचा हिशेबहि कोणी तरी मांडावयास पाहिजे.

मध्यंतरीं निराकारास आकार आला होता. अमेरिकेंतील यादवीमुळें इकडील कापसास सोन्याचा भाव आला, मुंबईंत पैशाचा पूर लोटला, आणि त्या पुरांतून शेट प्रेमचंद रायचंद यांनीं १८६४ सालीं विद्यापीठास ग्रंथालयासाठीं दोन लाख आणि मनोऱ्यासाठीं दोन लाख रुपये दिले. मनोऱ्यास आपल्या मातोश्रींचें राजाबाई हें नांव द्यावें एवढीच त्यांची इच्छा. दुसऱ्याच वर्षीं यादवी संपली, कापूस कोसळला आणि शेटजींसह निम्मी मुंबई बुडाली. पण दिलेला पैसा वांचला. पदवीदानाचें सभागृह कावसजी जहांगीर यांच्या एक लाखाच्या देणगीनें १८७४ पर्यंत उभें राहिलें, आणि २८० फुटांचा मनोरा १८७८ सालीं पुरा झाला. दोहोंचा आराखडा विलायतेंतील प्रसिद्ध शिल्पकार गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते मुंबईस कधीं आलेच नाहींत. विद्यार्थ्यांनीं न पाहिलेल्या विद्यापीठाची इमारतहि अशी न पाहतांच आंखलेली. तथापि आंखणाऱ्यानें काम चोख केलें आहे, हें कबूल करणें भाग आहे.

त्या सभागृहांत पदवी घेण्यास स्त्रियांना १८८३ सालीं परवानगी मिळाली. नाशिकास जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजांत गेल्या तेव्हां तेथें त्या एकट्याच स्त्री-विद्यार्थी होत्या. १८८८ सालीं त्या पहिल्या वर्गांत बी.ए. झाल्या, मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री-पदवीधर. पहिल्या येणाऱ्यास विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ति ठेवलेली होती. ती त्यांस नाकारण्यांत आली, कारण पहिला येणारा पुरुष असेल असें शिष्यवृत्ति ठेवणारांनीं गृहीत धरलें होतें. मित्रमंडळींनीं वर्गणी जमविली आणि त्या १८८९ सालीं ऑक्सफर्डला गेल्या. तेथें १८९२ सालीं त्यांनीं कायद्याची परीक्षा दिली, आणि प्रत्यक्ष पदवी त्यांच्या हातीं पडली ती तीस वर्षांनंतर. तेव्हां या बाबतींत एकट्या मुंबईस दोष देण्यांत अर्थ नाहीं.

खरी कसोटी निराळीच होती. परळच्या चाळींत, एका लहान खोलींत, सारें कुटुंब निजलेलें असतां पहाटे दोनला बाप मुलास उठवी आणि मुलगा दिव्याच्या उजेडांत वाचावयास बसे. हा मुलगा भीमराव आंबेडकर. शाळेंत संस्कृत शिकण्याची त्याची इच्छा. ती अस्पृश्यतेपायीं अपुरी राहिली आणि फारशी घ्यावी लागली. १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला. सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा पंचवीस रुपयांच्या वृत्तीवर एल्फिन्स्टनमधून १९१२ त बी.ए. झाला. रानड्यांचें कॉलेज तें हेंच. पण तेथील उपाहारगृहाचा चालक या विद्यार्थ्यास चहा देत नसे, पाणीहि देत नसे. पन्नास वर्षांत विद्यापीठानें कायद्याचे, वैद्यकाचे, शास्त्राचे किती पदवीधर निर्माण केले याचे आंकडे दप्तरीं आहेत. पेलाभर पाण्याचा हा हिशेब कोणत्याहि दप्तरांत नाहीं. पुढें कोलंबिया आणि लंडन येथील विद्या घेऊन आलेल्या बाबासाहेबांनीं २० जून १९४६ रोजीं मुंबईंत सिद्धार्थ महाविद्यालय उघडलें. आरंभ लष्करी बराकींतून झाला. त्याचें वैशिष्ट्य इमारतींत नव्हतें, घड्याळांत होतें. वर्ग सकाळीं भरत. दिवसा कचेरींत कारकुनी करणारा, गोदींत किंवा पेढीवर राबणारा तरुण कामावर जाण्यापूर्वीं शिकून जाई. नव्वद वर्षांत विद्यार्थ्याच्या पोटाची वेळ पाहून वर्गाची वेळ ठरविण्याचें कोणाच्या इतकें मनावर आलें नव्हतें. ज्यानें दोनला उठून अभ्यास केला त्यालाच तें सुचावें, यांत आश्चर्य नाहीं.

यानंतरची हकीकत आम्ही भरभर सांगतों. १९१९ सालीं पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखालीं समाजशास्त्राचा विभाग निघाला आणि विद्यापीठ स्वतः शिकवूं लागलें; १९२४ पासून मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं तो विभाग नांवारूपास आणला. राजकारण तर विद्यार्थ्यांच्या पांचवीस पुजलेलेंच होतें. १९०५ त विदेशी कपड्यांची होळी केल्याबद्दल विनायक सावरकरांस फर्ग्युसनच्या वसतिगृहांतून काढलें आणि दहा रुपये दंड केला. पुढें विद्यापीठानें त्यांची पदवी काढून घेतली, ती परत दिली १९६० सालीं. १९४२ त गुप्त रेडिओ चालविणाऱ्या उषा मेहता विल्सन कॉलेजच्या विद्यार्थिनी. त्याच पुढें या विद्यापीठांत राज्यशास्त्राच्या प्रमुख झाल्या. स्वातंत्र्याबरोबर पसारा आटला. सिंध गेलें, १९४९ च्या सुमारास पुणें, गुजराथ, कर्नाटक हीं स्वतंत्र झालीं. मुंबई विद्यापीठाकडे मुंबई शहर उरलें. फोर्टांतील जागा अपुरी पडली, म्हणून विभाग कालिन्यास विद्यानगरींत गेले.

आम्ही स्वतः तेथेंच एम.ए. झालों. पनवेलहून पहाटेची एस.टी. धरावी, खाडीच्या पुलावर उजाडावें, कुर्ल्यास उतरून पुढें दुसरी बस, आणि रानडे भवनाच्या पायऱ्या चढेपर्यंत निम्मा तास बुडालेला असावा, असा आमचा पहिल्या वर्षाचा क्रम. १९९२ सालीं मानखुर्दहून वाशीपर्यंत आगगाडी आली, आणि आमचा दिवस दोन तासांनीं वाढला. आम्हांस विद्यापीठ म्हणजे गुरूंचीं व्याख्यानें आठवतात तितकीच ती गाडी आठवते. टिपणें आम्हीं तिच्यांत वाचलीं, वाद तिच्यांत घातले, आणि खोटें कशास बोला, झोंपहि तिच्यांतच काढली. मुंबई विद्यापीठाचें खरें वसतिगृह हार्बर मार्गावर धांवतें, असें आम्ही थट्टेनें म्हणत असूं. आतां त्यांत थट्टेचा भाग फारसा उरलेला नाहीं.

आणि या बाजूस जीं मुलें शिकतात, त्यांच्या पायांखालची जमीन हीच एक इतिहासाची प्रस्तावना आहे. १९७० सालीं सिडको स्थापन झाली. ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील पंचाण्णव गांवांची भातशेती आणि मिठागरें नव्या शहरासाठीं घेण्यांत आलीं. जमिनीच्या मोबदल्यासाठीं १९८४ च्या जानेवारींत उरण तालुक्यांत झालेल्या आंदोलनांत गोळीबार होऊन पांच जण बळी पडले. पनवेलास, वाशीस महाविद्यालयें निघालीं, रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्था घाट उतरून खालीं आल्या, आणि आगरी-कोळ्यांच्या घरांत पहिला पदवीधर दिसूं लागला. ज्या मुलीनें आम्हांस प्रश्न केला, तिच्या आजोबांचें शेत बंदराच्या रस्त्याखालीं गेलें आहे. तिच्या घरीं शेताच्या जागीं पदवी येणार आहे. तिला विद्यापीठ कोठें आहे हें विचारण्याचा अधिकार आमच्यापेक्षां अधिक आहे.

परीक्षा घेणें हें जें विद्यापीठाचें मूळचें एकमेव काम, त्याचाहि भार आतां त्यास सोसेना झाला आहे. २०१७ सालीं उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा बेत घाईनें अमलांत आणला गेला. निकाल महिनोन्महिने लांबले, पुढील प्रवेश खोळंबले, आणि अखेर कुलपतींनीं कुलगुरूंस पदावरून दूर केलें. १८५९ सालीं शंभरावर उमेदवार होते; आतां कित्येक लाख आहेत. तांत्रिक कारणें पुष्कळ सांगण्यांत आलीं आणि तीं खरींहि असतील. पण उत्तरपत्रिकेपलीकडे ज्या संस्थेची विद्यार्थ्याशीं ओळखच नाहीं, तिच्या हातून उत्तरपत्रिकाच हरवली म्हणजे त्यानें कोणाकडे जावें?

परीक्षा आटोपल्यावर एका शनिवारीं आम्ही त्या वर्गांतील बारा-तेरा मुलांस घेऊन फोर्टांत गेलों. पदवीदान आतां बहुतेकांच्या बाबतींत आपापल्या महाविद्यालयांतच होतें, तेव्हां निदान जागा तरी पाहावी एवढाच हेतु. सभागृह बंद होतें. बागेंतील कावसजी जहांगिरांचा पुतळा पाहून मुलें मनोऱ्याकडे वळलीं. आम्हीं सांगितलें कीं, यावर चोवीस मूर्ति आहेत; पश्चिम हिंदुस्थानांतील निरनिराळ्या जातीजमातींचीं माणसें त्यांत कोरलीं आहेत, आणि तीं रावबहादुर मुकुंद रामचंद्र या आपल्याच देशबांधवाच्या देखरेखीखालीं घडलीं. तेव्हां ती उरणची मुलगी मान वर करून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "त्यांत आमच्याकडचा कोणी आहे का, सर?" खालून पागोटीं तेवढीं दिसत होतीं. एका मुलानें मोबाइलचा कॅमेरा मोठा करून एकेक मूर्ति जवळ आणली. हा वाणी, हा पारशी, छे, हा कच्छी, असा वाद सुरू झाला. उन्हें उतरल्यामुळें वरच्या मूर्तींवर सांवली येऊं लागली होती. पहारेकऱ्यानें आवार बंद होण्याची वेळ झाल्याचें सांगितलें. मनोऱ्यावर सहाचे टोले पडले, तेव्हां मुलांनीं आपापल्या घड्याळांत वेळ ताडून पाहिली, आणि सहा वीसची पनवेल गांठावयाची म्हणून सर्व जण स्टेशनाकडे धांवत सुटले.